वाट पाहणाऱ्यांचा फोटो

७ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय हॉकीच्या संघटित वाटचालीला शंभर वर्षे पूर्ण झाली. १९२५ साली याच दिवशी ग्वाल्हेरला इंडियन हॉकी फेडरेशनची स्थापना झाली आणि तीनच वर्षांत, ॲमस्टरडॅमला, भारताने ऑलिम्पिकचे पहिले सुवर्णपदक घेतले. शताब्दी आली की कपाटे उघडतात, जुने फोटो बाहेर निघतात. ध्यानचंद, बलबीरसिंग, क्वालालंपूरचा विश्वचषक उंचावणारा अजितपालसिंगचा संघ. ते फोटो मिरवलेच पाहिजेत. पण या शंभर वर्षांतला एकच फोटो निवडा असे कोणी सांगितले, तर आम्ही ५ ऑगस्ट २०२१ चा, टोकियोतला निवडू. त्यात चषक नाही, पदक नाही, गोलही होत नाही. एक गोलरक्षक गोलखांबाच्या आडव्या दांडीवर चढून बसला आहे, एवढेच त्यात आहे.

तो पी. आर. श्रीजेश. सामना तिसऱ्या क्रमांकाचा, समोर जर्मनी. आपल्याकडे सकाळचे सात वाजले होते. दुसऱ्याच मिनिटाला जर्मनीने गोल केला. सिमरनजीतसिंगने बरोबरी साधली. पण पंचविसाव्या मिनिटाला फलक ३-१ असा जर्मनीच्या बाजूने होता, आणि चाळीस वर्षे हा खेळ पाहिलेल्या माणसांनी मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती. पुढच्या नऊ मिनिटांच्या खेळात भारताने चार गोल केले. हार्दिक, हरमनप्रीत, रूपिंदरपाल आणि पुन्हा सिमरनजीत. पाच-तीन. मग जर्मनीचा चौथा गोल. आणि घड्याळात जेमतेम सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर.

हॉकी पाहणाऱ्या भारतीय माणसाला त्या क्षणी जे वाटले असेल, ते सांगायला आकडेवारी लागत नाही. शेवटच्या मिनिटात घात होणे हे आपल्या हॉकीच्या पाचवीलाच पुजलेले. श्रीजेशने तो फटका अडवला, भोंगा वाजला, आणि एक्केचाळीस वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिम्पिक पदक मिळाले. बाकीचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर कोसळत होते. थोड्याच वेळात श्रीजेश आपल्या गोलवर चढला.

हा फोटो निवांतपणे पाहण्यासारखा आहे. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. वरची दांडी पाच सेंटिमीटर रुंदीची, म्हणजे बसायला काठीएवढीच जागा. गोलरक्षकाच्या पायांवर जाड पॅड, पावलांवर किकर, अंगात छातीचे कवच. एवढा जामानिमा अंगावर घेऊन कोणी सहज वर चढत नाही. त्याला चढायचेच असावे लागते. केरळातल्या किळक्कंबलमच्या या मुलासाठी वडिलांनी गाय विकून गोलरक्षणाचे साहित्य घेतले होते. ते साहित्य अंगावर चढवून त्याने पंधरा वर्षे ज्या चौकटीसमोर मार खाल्ला, त्या चौकटीच्या डोक्यावर तो आता बसला होता.

आणि तो गोलरक्षक होता, याला आमच्या लेखी फार महत्त्व आहे. आघाडीवीर चुकला तर लोक हळहळतात. गोलरक्षक चुकला तर त्याच्या डोक्यावर खापर फोडतात. १ डिसेंबर १९८२ ला दिल्लीत एशियाडचा अंतिम सामना झाला. पहिला गोल भारताचा होता, आणि शेवटी पाकिस्तानने तो सामना ७-१ असा जिंकला. गोलरक्षक मीर रंजन नेगी. त्याने पैसे खाल्ले, सामना विकला, असे देशभर बोलले गेले. पुराव्याची कोणाला गरज वाटली नाही. तो माणूस पुढे कितीतरी वर्षे तो आरोप वागवत जगला, प्रशिक्षक म्हणून परत उभा राहिला, आणि त्याच्या कहाणीशी जुळणारा ‘चक दे! इंडिया’ पाहून ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या अनेकांनी एकेकाळी त्याला शिव्या दिल्या होत्या. टोकियोतही साखळीत ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ नेच हरवले होते. तोच आकडा. तेव्हाही गोलमध्ये श्रीजेशच होता. त्यानंतर अकराव्याच दिवशी तो दांडीवर बसलेला दिसतो, तेव्हा नेगीसकट त्या चौकटीत उभ्या राहिलेल्या सगळ्यांची मान थोडी वर होते.

फोटोतली आणखी एक गोष्ट लगेच ध्यानात येत नाही. मागे माणसे नाहीत. महासाथीमुळे टोकियोत प्रेक्षकांना मज्जाव होता. ओई हॉकी स्टेडियमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. भारतीय हॉकीने एक्केचाळीस वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण आला तेव्हा गॅलरीत ‘इंडिया, इंडिया’ ओरडायला कोणी नव्हते. ज्यांनी ओरडायचे ते घरोघरी होते. काही रुग्णालयांत होते. त्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये गेलेल्यांतही हॉकीवर जीव टाकणारे पुष्कळ असणार. तो एकटा गोलरक्षक ज्यांच्या वतीने वर चढला, त्यांना पाहायचे असेल तर टोकियो सोडून बनारसला जावे लागते.

मराठी माणसाची काशी म्हणजे विश्वेश्वर, गंगा, अहिल्याबाईंनी बांधलेले मंदिर, पेशवे-शिंदे-होळकरांचे घाट. काशीला जाईन, जाईन म्हणत राहण्यातही पुण्य मानणारी आपली जुनी माणसे. घाटांच्या मागे, वरुणा नदीच्या बाजूला कचहरी, अर्दली बाजार, भोजूबीर, शिवपूर अशी वस्ती पसरली आहे. तिथली काशी आपल्याला फारशी ठाऊक नसते. ती हॉकीची काशी आहे. १४ एप्रिल १९६० ला बनारसमध्ये जन्मलेला मोहम्मद शाहिद तिथला. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकला गेलेला विवेक सिंह बनारसचा, १९९६ च्या अटलांटाला गेलेला त्याचा भाऊ राहुल सिंह बनारसचा. आणि टोकियोत श्रीजेशच्या संघात होता तो ललित उपाध्यायही बनारसचा.

शाहिदचा खेळ ज्यांनी पाहिला, ते आजही त्याच्याबद्दल बोलताना हात हलवल्याशिवाय बोलू शकत नाहीत. चेंडू स्टिकला लागलेला आहे की नाही हे समोरच्या बचावपटूला कळायच्या आत तो निघून गेलेला असे. डावीकडे झफर इक्बाल, मध्ये शाहिद, आणि दोघांच्या मधे चेंडू असा फिरे की आडवे येणाऱ्याने कोणावर धावून जावे हेच त्याला ठरवता येत नसे. १९८० च्या जानेवारीत कराचीच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, पाकिस्तानी प्रेक्षकांपुढे, तो सर्वोत्तम आघाडीवीर ठरला. वय वर्षे एकोणीस. त्याच वर्षी २९ जुलैला मॉस्कोत स्पेनविरुद्ध अंतिम सामना झाला. सुरिंदरसिंग सोढीचे दोन गोल, महाराज कृष्ण कौशिकचा एक, आणि चौथा शाहिदचा. भारत ४-३ ने जिंकला. शाहिदचा तो गोल नसता तर सुवर्ण इतके सरळ हाती लागले नसते.

त्या सुवर्णाची किंमत लोकांनी पुढे कमी लेखली. अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून कितीतरी देशांनी मॉस्कोवर बहिष्कार टाकला होता. पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान यांचे हॉकी संघ आले नव्हते. पुरुष हॉकीत सहाच संघ होते. हे सगळे खरे आहे. पण वीस वर्षांच्या पोराला आपल्यासमोर कोण आले नाही याचा हिशेब कशाला विचारायचा? जे आले त्यांत त्याचा संघ पहिला आला.

तो सामना आपण पाहिला कुठे, ऐकला. बहुतेक घरांत दूरचित्रवाणी संच नव्हता. जसदेवसिंग यांचा आवाज ट्रान्झिस्टरवर धावत होता आणि त्या आवाजाच्या मागे माणसे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेला ठिपक्याठिपक्यांचा कृष्णधवल फोटो कापून ठेवायचा, एवढीच सोय होती. शाहिदचे त्या काळातले चलच्चित्र फार थोडे उरले आहे. जो खेळाडू म्हणजे निव्वळ हालचाल होता, तो पुढच्या पिढीपर्यंत पोचला तो स्थिर चित्रांतून आणि वडीलधाऱ्यांच्या वर्णनांतून.

मॉस्कोनंतर काय झाले, ते क्रमांकांच्या ओळीतच दिसते. १९८४ ला पाचवे, १९८८ ला सहावे, १९९२ ला सातवे, १९९६ ला आठवे. जिन्यावरून कोणी एक एक पायरी मोजून उतरावे तसे. मग सिडनी, सातवे. अथेन्स, सातवे. २००८ च्या मार्चमध्ये चिलीतल्या सांतियागोत ब्रिटनकडून ०-२ ने हरल्यामुळे बीजिंगचे तिकीटच मिळाले नाही. १९२८ नंतर पहिल्यांदा भारतीय हॉकीविना ऑलिम्पिक पार पडले. २०१२ ला लंडनमध्ये एकही सामना न जिंकता बारावे, म्हणजे शेवटचे. रिओत आठवे. या उताराची कारणे अनेकदा सांगून झाली आहेत. १९७६ च्या मॉन्ट्रियलपासून ऑलिम्पिक कृत्रिम हिरवळीवर गेले आणि आपली पोरे पुढची कैक वर्षे माती-गवतावर शिकत राहिली. गवतावर चेंडू अंगाशी ठेवून नाचवणाऱ्याचे राज्य असते. प्लॅस्टिकच्या सपाट मैदानावर दमसास आणि वेगाचे. शाहिदची सगळी कला पहिल्या मैदानाची होती, आणि कारकीर्दीचा मोठा भाग त्याला दुसऱ्या मैदानावर खेळावा लागला. त्यात संघटनेतली भांडणे, निवडीतले हेवेदावे.

या उतरणीत मराठी घरांतल्या काळजाला लागलेला एक प्रसंग आहे. सिडनी, २००० साल. साखळीतला शेवटचा सामना पोलंडशी. जिंकले की उपांत्य फेरी. भारत १-० ने पुढे, आणि शेवटची दोन मिनिटेही उरली नसताना पोलंडने बरोबरी केली. खडकीचा धनराज पिल्ले त्या दिवशी ढसाढसा रडला. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड खेळलेला माणूस. ऑलिम्पिकच्या पदकाच्या इतक्या जवळ तो पुन्हा कधी गेला नाही. खडकीच्या शस्त्रास्त्र कारखान्याच्या वसाहतीत तुटक्या काठ्यांनी खेळायला शिकलेल्या धनराजचे रडणे आपल्याला आपले वाटले. धनराजचा तो चेहरा आणि दांडीवर बसलेला श्रीजेश हे दोन फोटो शेजारी ठेवले, की मधली एकवीस वर्षे वाचता येतात.

धनराजचा बनारसशी एक धागा आहे, आणि तो आम्हाला पदकांपेक्षाही मोलाचा वाटतो. २००८ च्या एप्रिलमध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणात फेडरेशनचे सचिव एका खेळाडूच्या निवडीसाठी पैसे घेताना दिसले, असे दाखवले गेले. देशभर गदारोळ झाला, फेडरेशन निलंबित झाली. ज्याच्या निवडीचे नाव त्या जाळ्यात वापरले गेले, तो चौदा-पंधरा वर्षांचा ललित उपाध्याय होता. बनारसच्या उदय प्रताप कॉलेजच्या गवताच्या मैदानावर प्रशिक्षक परमानंद मिश्र यांच्याकडे शिकणारे पोर. त्याने काही मागितले नव्हते, काही दिले नव्हते. तरी नाव लागले ते लागलेच. त्या वयात असा डाग पडला की बहुतेक मुले खेळ सोडून देतात, घरचेही सोड म्हणतात. ललितने सोडला नाही. धनराजने त्याला एअर इंडियाच्या संघात आणले. पुढे भारत पेट्रोलियम, मग राष्ट्रीय संघ, मग टोकियो, मग पॅरिस. दोन ऑलिम्पिक पदके घेऊन तो २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्त झाला.

छुप्या कॅमेऱ्याने ज्याचे नाव डागाळले, त्याचे नाव पुढे उघड्या कॅमेऱ्यांसमोर धुऊन निघाले. टोकियोच्या त्या सकाळी तो श्रीजेशच्या जवळपास त्याच मैदानावर होता. बनारसला अटलांटानंतर पंचवीस वर्षांनी हॉकीतला ऑलिम्पिकवीर मिळाला होता, आणि शाहिदनंतर एक्केचाळीस वर्षांनी पदक. शाहिद ते पाहायला नव्हता. २० जुलै २०१६ ला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तो गेला. आयुष्यभर बनारसच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात नोकरी केली, शहर सोडले नाही. मोठ्या शहरांत जायच्या संधी असणारच. बनारस सोडून कुठे जायचे, हा त्याचा स्वभाव होता.

जगात इतरत्रही माणसे अशी पिढ्यान्पिढ्या थांबलेली आहेत. अमेरिकेत बेसबॉलवर लोक आपल्याकडे क्रिकेटवर करतात तसे प्रेम करतात. तिथला शिकागो कब्ज हा संघ १९०८ साली अजिंक्य ठरला आणि नंतर ठरला तो थेट २०१६ साली, एकशे आठ वर्षांनी. त्या वेळचे पुष्कळ फोटो आहेत, खेळाडूंचे, मिरवणुकीचे. सर्वांत बोलका आहे तो एका भिंतीचा. रिग्ली फील्ड या त्यांच्या मैदानाच्या विटांच्या भिंतीवर लोकांनी रंगीत खडूंनी नावे लिहिली होती. ती मुख्यतः गेलेल्यांची होती. बाबांचे, आजोबांचे, आजीचे. जे वाट पाहत गेले त्यांना कोणीतरी कळवायला हवे होते, म्हणून. पावसाने पुसली जाणार हे ठाऊक असून लिहिली होती. शिकागोच्या माणसांना निदान एक भिंत मिळाली. आपल्याकडे टोकियोच्या विजयानंतर अशी भिंत कुठे नव्हती; स्टेडियम परदेशात, तेही कुलूपबंद. म्हणून तो दांडीवर बसलेला गोलरक्षक आपल्याला पुरा पडावा लागला.

चाहत्याची आशा ही काय चीज आहे, हे हरण्याच्या काळातच कळते. जिंकणाऱ्या संघाभोवती गर्दी कोणीही करतो. सातव्या क्रमांकावरच्या, बाराव्या क्रमांकावरच्या संघाच्या सामन्यासाठी जो पहाटे उठतो, मुलाला हाताला धरून मैदानावर नेतो, तुटक्या स्टिकला तार गुंडाळून देतो, त्याला कोणी चाहता म्हणून मोजत नाही. प्रायोजक मोजत नाही, वाहिनी मोजत नाही. उदय प्रताप कॉलेजच्या मैदानाकडेला परमानंद मिश्रांसारखी माणसे उभी राहिली ती कोणते पदक समोर दिसत होते म्हणून? शाहिद निवृत्त झाला, विवेक सिंह २००५ साली कर्करोगाने गेला, हॉकीचे नाव वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर खाली सरकत गेले; संध्याकाळी मैदानावर पोरे येत राहिली. टोकियोचे पदक तिथे तयार झाले. श्रीजेशचा फोटो पाहताना आम्हाला त्या दांडीखाली ही सगळी मैदाने दिसतात: बनारस, खडकी, सुंदरगढ, संसारपूर.

एक धोका मात्र आहे. असा एखादा फोटो मिळाला की हिशेब चुकता झाला असे वाटू लागते. दुसऱ्याच दिवशी, ६ ऑगस्टला, त्याच मैदानावर भारताच्या मुली ब्रिटनकडून ४-३ ने हरल्या आणि चौथ्या आल्या. मैदानावर बसून रडणाऱ्या त्या मुलींचे फोटोही निघाले. राणी रामपालच्या त्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला हरवले होते, त्याआधी कोणत्याही भारतीय महिला हॉकी संघाने ऑलिम्पिकची उपांत्य फेरी गाठली नव्हती. तीनच वर्षांनी हा संघ पॅरिसला पात्रही ठरला नाही. चौथ्या क्रमांकाच्या फोटोची चौकट कोणी करून घेत नाही, म्हणून तो फोटो ज्या प्रश्नांकडे बोट दाखवत होता, तेही विसरले गेले. पुरुषांनी ८ ऑगस्ट २०२४ ला स्पेनला २-१ ने हरवून सलग दुसरे कांस्य घेतले, श्रीजेश पुन्हा गोलवर चढून बसला, आणि तिथेच त्याने खेळ थांबवला. दोन कांस्यपदकांत समाधान मानावे असे काही मोठे नाही. पण बाराव्या क्रमांकापासून मोजले तर ती चढण खरी आहे.

शताब्दीच्या निमित्ताने आमचे मागणे फोटोंशीच संबंधित आहे. शाहिद, झफर, सोमय्या, मर्विन फर्नांडिस, जोकिम कार्व्हालो, धनराज यांच्या काळातली छायाचित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती कुठे कुठे पडून आहेत? वर्तमानपत्रांच्या कपाटांत, रेल्वेच्या, पोलिसांच्या, लष्कराच्या क्रीडा मंडळांत, निवृत्त छायाचित्रकारांच्या घरच्या पत्र्याच्या पेट्यांत. निगेटिव्ह दमट हवेत चिकटतात, बुरशी धरतात. एकदा गेल्या की गेल्या. मुंबई, पुणे, नागपूरच्या वर्तमानपत्रांनी आपापली कपाटे उघडून हे काम सुरू करावे. मराठी घरांतून हॉकी हद्दपार होण्याचे एक कारण मैदाने गेली हे आहे. दुसरे असे की नव्या पोरांना दाखवायला आपल्याकडे काही उरले नाही. शाहिदचे ड्रिब्लिंग पाहिल्यावर ज्याला काठी हातात धरावीशी वाटणार नाही, असे पोर विरळा.

आणि घरे. २०२५ च्या सप्टेंबरअखेर, बनारसला कचहरी ते संदहा या रस्त्याच्या रुंदीकरणात मोहम्मद शाहिदच्या वडिलोपार्जित घराचा भाग पाडला गेला. रस्त्याची गरज, मोबदला, हिश्शांचे वाद, हे सगळे त्या प्रकरणात होते आणि त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण ज्या घरातून मॉस्कोच्या सुवर्णपदकाचा चौथा गोल निघाला, त्याच्या पडत्या भिंतींची दृश्ये हॉकीच्या शताब्दी वर्षातच पाहावी लागली, याचे वाईट वाटणे साहजिक आहे. निदान त्या जागेवर एक पाटी, एक फोटो लागावा. शहर आपल्या पोराचे तेवढे देणे लागते.

पुढची वाट पाहणे तर सुरूही झाले आहे. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये पाकिस्तानला २-१ ने हरवून भारताने विश्वचषक जिंकला, अशोककुमारच्या गोलने. त्याला २०२५ च्या मार्चमध्ये पन्नास वर्षे झाली आणि एवढ्या वर्षांत तो चषक एकदाही परत आला नव्हता. मॉस्को ते टोकियोपेक्षाही ही प्रतीक्षा आता मोठी झाली आहे, आणि तिच्याबद्दल बोलणारे कमी आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राजगीरला दक्षिण कोरियाला ४-१ ने हरवून आशिया चषक घेतला, त्यामुळे ऑगस्ट २०२६ च्या विश्वचषकात जागा पक्की झाली. सामने नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये ठरले. ललित आता संघात नाही. पण बनारसला लागून असलेल्या गाझीपूर जिल्ह्यात करमपूर नावाचे गाव आहे. तिथल्या तेजबहादूर सिंह यांनी गावातच मैदान उभे केले आणि शेतकऱ्या-मजुरांच्या पोरांना स्टिक दिल्या. २०२१ च्या साथीत ते गेले. त्याच मैदानावर वाढलेला राजकुमार पाल पॅरिसच्या कांस्यपदकाच्या संघात होता. करमपूरच्या मैदानावर संध्याकाळचा सराव अजूनही चालतो.